रसम

चिंचेचे पाणी, तुरीच्या डाळीचे पातळ पाणी, मिरी आणि जिरे यांपासून दक्षिण भारतातल्या घरांत रोज केला जाणारा आंबट-तिखट पदार्थ. तमिळनाडूत आणि केरळात याला रसम, कर्नाटकात सारु, तर आंध्र-तेलंगणात चारु म्हणतात. आपले टोमॅटोचे किंवा आमसुलाचे सार याच कुळातले. हॉटेलांच्या यादीत रसम सुपांच्या रांगेत बसवलेले असते आणि ते वाटीने पितातही. पण घरात रसम होते ते भातासाठी. भाताशिवाय त्याची खरी चव कळत नाही.

रसमचा मूळ तिखटपणा मिरीचा. मिरची आणि टोमॅटो हे दोन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर भारतात पोचलेले. त्याआधी तिखट म्हणजे मिरीच. आजही अनेक तमिळ ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात लाल मिरची आणि टोमॅटो चालत नाहीत, मिरी चालते. जुनी पाककृती अशी पितरांच्या पानात टिकून राहिली आहे. ‘दहा मिरे जवळ असतील तर वैऱ्याच्या घरीही जेवावे’ अशा अर्थाची एक म्हण तमिळमध्ये आहे, कारण मिरी विष उतरवते असा समज. मिरीच्या रसमला तमिळमध्ये ‘मिळगु तण्णी’, म्हणजे मिरीचे पाणी, असेही नाव आहे. मद्रासच्या इंग्रजांनी त्यात मांस घालून, ते दाट करून ‘मलिगाटॉनी’ सूप केले. नाव तेवढे उरले, पदार्थ पार बदलला.

रसमचे साहित्य साधे, पण कृतीत वेळ साधावी लागते. चिंचेचे माप घरात बोलायचे ते ‘आवळ्याएवढी’ किंवा ‘लिंबाएवढी’. ती भिजवून कोळ काढतात. काही घरांत त्यासाठी तांदळाचे दुसरे धुवण वापरतात. कोळात हळद, मीठ, हिंग आणि हाताने कुस्करलेला टोमॅटो घालून चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळतात. मग मिरी, जिरे, धणे यांची भरड किंवा घरची रसम पूड घालायची आणि शिजलेल्या डाळीत भरपूर पाणी घोटून ते वर ओतायचे. इथून पुढे पातेल्यापासून हलायचे नाही. कडेने बारीक फेस धरू लागतो, तो मध्याकडे सरकतो, सगळे पृष्ठ फुगून वर येते, आणि उकळी फुटायच्या आत रसम उतरवायचे. खळखळ उकळले की मिरी-जिऱ्यांचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे नुसते आंबट पाणी राहते. शेवटी तुपात मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी, वर कोथिंबीर, आणि लगेच झाकण.

जुन्या तमिळ घरांत रसमसाठी वेगळे भांडे असते, ‘ईय चोंबू’. चोंबू म्हणजे आपला चंबूच. आपण पितळेला ज्या कथलाची कल्हई करतो, त्याच कथलाचा हा अख्खा चंबू. त्यातल्या रसमला वेगळीच चव येते, असे तिथल्या गृहिणी ठामपणे सांगतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हा चंबू रिकामा विस्तवावर ठेवत नाहीत: आधी चिंचेचे पाणी, मग आच. नव्या सुनेला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, नाहीतर चंबूचे बूड चुलीवरच वितळते. तमिळमध्ये ‘ईयम’ हा शब्द कथील आणि शिसे दोघांनाही लागतो. शिसे विषारी आहे आणि आंबटाने ते सुटते, म्हणून चंबू घेताना धातूची नीट खात्री करून घ्यावी.

जेवणात क्रम ठरलेला असतो: आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दही-भात. केळीच्या पानावर रसम धावते, म्हणून मऊ भाताला आळे करून त्यात ते घेतात आणि हाताने कालवतात. रसम ढवळूनच वाढायचे असे नाही. वरचे निवळ कोणाला हवे, तळाची ‘मंडी’, म्हणजे डाळ आणि मसाल्याचा गाळ, कोणाला, हे वाढणारीला पाठ असते. ताप उतरलेल्या माणसाला निवळ रसम आणि गुरगुट्या भात देतात, बाळंतिणीला लसूण-मिरीचे.

प्रकार पुष्कळ. त्यांत कडुनिंबाच्या फुलांचे रसम तमिळ नववर्षाला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास करतात. वाळवलेली फुले तुपात परतून अगदी शेवटी वर सोडायची. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या मराठी माणसाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. कोइमतूरकडच्या कोंगू भागात कुळथाचे रसम घरोघरी होते. आंध्रातले ‘उलवचारु’ही कुळथाचेच, पण ते तासन्‌तास आटवून दाट करतात. बैलांसाठी कुळीथ शिजवायचे आणि वरचे पाणी माणसांच्या चारुला ठेवायचे, अशी तिथली शेतकऱ्यांची रीत.

मराठी स्वयंपाकघराला सगळ्यात जवळचे आहे ते कर्नाटकातले ‘ओबट्टु सारु’. सणाला पुरणपोळीसाठी डाळ शिजवली की तिचे वरचे पाणी तिथेही टाकत नाहीत. त्यात थोडे पुरण, चिंच, मसाला आणि ओले खोबरे वाटून घालतात. ही आपली कटाची आमटीच. फरक मसाल्याचा आणि खोबऱ्याचा. आणि दोन्हीकडच्या घरांत ती मुद्दाम जास्त करतात, कारण दुसऱ्या दिवशी शिळ्या भातावर ती अधिक मुरलेली लागते.