लगामाचा ‘काँटॅक्ट’ : एका शब्दामागची पार्श्वभूमी

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. तिथे धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार नसतो. दुसऱ्यावरच्या स्वाराच्या एका हातात पताका असते, त्यामुळे लगामासाठी एकच हात उरतो. याच जिल्ह्यात आज मैदानावर घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यापासून दोन्ही हातांत लगाम धरून घोड्याच्या तोंडाशी ‘काँटॅक्ट’ (म्हणजे लगामावर सतत हलका ताण) राखायला सांगितले जाते, तर पिढ्यान्‌पिढ्या दारात घोडी बांधलेली माणसे ते पाहून ‘लगाम सैल सोड, मांड पक्की कर’ असे बजावतात. हा मतभेद जुने विरुद्ध नवे असा सोपा नाही. त्याची मुळे स्वाराच्या दुसऱ्या हाताला कोणते काम होते, यात सापडतात.

दख्खनी घोडदळात त्या हातात भाला किंवा तलवार असे. साहजिकच घोड्याला मानेवर टेकणारी लगामाची पट्टी, मांडीचा दाब आणि स्वाराचा तोल एवढ्यावर वळायला शिकवावे लागे. उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये गेलेल्या आखूड रिकिबीच्या स्वारीची गरजही तीच होती, आणि तिथून मेक्सिको व कॅलिफोर्नियात पोहोचलेल्या गुराख्यांच्या हातात भाल्याऐवजी फासाचा दोर आला. युरोपच्या घोडदळांतही रणांगणावर लगाम डाव्या हातातच असे. दोन हातांनी, साध्या कडीच्या लगामावर, सतत हलका ताण ठेवून चालणारी स्वारी सर्वसामान्य झाली ती शस्त्र हातातून गेल्यावर आणि उड्यांची स्पर्धा आल्यावर. विसाव्या शतकाच्या आरंभी एका इटालियन अधिकाऱ्याने, उडीच्या वेळी मागे रेलून लगाम ओढण्याऐवजी पुढे झुकून घोड्याच्या मानेबरोबर हात जाऊ द्यावेत, असे दाखवून दिले आणि काही दशकांत जवळजवळ सर्व देशांनी ती पद्धत स्वीकारली.

खरा घोळ आहे तो ‘काँटॅक्ट’ या शब्दात. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला आणि ‘संपर्क’ म्हणून समजला गेला. संपर्क माणूस ठेवतो, त्यामुळे विद्यार्थी हात आखडून लगाम ताणतो आणि संपर्क ठेवल्याचे समाधान मानतो. ज्या परंपरेतून ही कल्पना आली त्या जर्मन परंपरेतला शब्द ‘आनलेनुंग’ असा आहे, आणि त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे. फ्रेंच शब्द ‘आपुई’ हाही आधार याच अर्थाचा आहे. म्हणजे क्रिया घोड्याची आहे. मागच्या पायांनी जोर देत तो पाठीतून पुढे येतो, मान लांबवतो आणि स्वाराचा हात शोधत लगामावर हलकेच टेकतो. स्वाराने तो हात स्थिर आणि मऊ ठेवायचा असतो. जर्मन घोडदळाच्या 1912 च्या नियमपुस्तिकेत ज्यांची मुळे आहेत त्या घोड्याच्या शिक्षणाच्या सहा पायऱ्या आज लय, सैलपणा, आधार, उसळी (मागच्या पायांचा जोर), सरळपणा आणि एकवट (वजन मागच्या पायांवर घेऊन अंग आवरणे) अशा क्रमाने शिकवल्या जातात. त्यात आधार तिसरा येतो. पहिल्या दोन पायऱ्या झाल्याशिवाय तो मागताच येत नाही. आपल्याकडच्या शिकवणीत मात्र तिसरी पायरी पहिली झाली आहे, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. मराठीत या शब्दासाठी ‘टेकण’ म्हटले असते तर निम्मा गैरसमज टळला असता. (साजातले शब्द असे भरकटतातच. उसातला बिबट्या ‘जेरबंद’ झाल्याची बातमी वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की जेरबंद हा मूळचा घोड्याचे डोके वर उसळू नये म्हणून बांधायचा पट्टा आहे?)

हा गैरसमज फक्त आपलाच आहे, असेही नाही. घोड्याची हनुवटी छातीकडे ओढून धरत सराव करण्याची पद्धत युरोपातल्या अव्वल स्पर्धकांत रुजली होती. 2009 मध्ये एका घोड्याची जीभ निळी पडल्याचे चित्रीकरण पसरले आणि गदारोळ झाला. त्यावर 2010 च्या फेब्रुवारीत घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने बळाने मान दुमडणे अमान्य केले, पण बळ न लावता मान खोल आणि गोल ठेवणे मान्य केले. शिवाय एकाच स्थितीत मान सुमारे 10 मिनिटांहून अधिक ठेवू नये, अशी सूचना दिली. बळ कुठे सुरू होते हे मैदानाच्या कडेला उभ्या पर्यवेक्षकाने डोळ्यांनी कसे ठरवायचे, हा प्रश्न निर्णयाने सोडवला नाही. तडजोड म्हणून तो समजण्यासारखा होता. घोड्याच्या बाजूने पाहिले तर तो अपुराच ठरला.

कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांकडे याच्या उलट टोक दिसते. तिथला चमच्यासारख्या उंच पात्याचा लगाम (इथे लगाम म्हणजे तोंडात बसणारा धातूचा भाग) पाहताना अंगावर काटा येतो, पण तो घोड्याच्या तोंडात जाण्यापूर्वी काही वर्षे नाकावरच्या कातडी वेढ्यावर शिक्षण झालेले असते. नंतर काही काळ वेढा आणि लगाम दोन्ही असतात, आणि शेवटी जड लगाम सैल दोरावर, नुसत्या वजनाच्या हालचालीने बोलतो. साताऱ्या-सांगलीकडे जिथे अजून काटेरी लगाम दिसतो, तिथे ही मधली वर्षेच गायब आहेत; अडीच-तीन वर्षांच्या शिंगराच्या तोंडात तो थेट जातो. खरे तर 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटे असलेला लगाम वापरायला बंदी घातली आहे. सैल लगामाच्या जुन्या सवयीमुळे त्याची धार काहीशी बोथट राहत असे. आता त्याच लगामावर कोणी दोन हातांनी ‘काँटॅक्ट’ राखू लागला, तर काटे एका क्षणापुरते न टोचता पूर्ण फेरीभर जिभेवर आणि दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर दाबलेले राहतात.