पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे अध्यापन-प्रशिक्षण (मुंबई)

एम.टेक., एम.डी. किंवा पीएच.डी. करता करता जे विद्यार्थी पदवीच्या मुलांना शिकवतात, प्रात्यक्षिके घेतात किंवा उत्तरपत्रिका तपासतात, त्यांना त्या कामासाठी दिले जाणारे प्रशिक्षण. अभियांत्रिकी आणि विज्ञान संस्थांत या विद्यार्थ्याला ‘टीए’ (टीचिंग असिस्टंट) म्हणतात, रुग्णालयात तो ‘रेसिडेंट’ म्हणजे निवासी डॉक्टर असतो आणि कला-वाणिज्य महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचा ‘सर’ किंवा ‘मॅडम’. काम थोड्याफार फरकाने तेच. प्रशिक्षण मात्र तिघांच्या वाट्याला सारखे येत नाही.

आपल्याकडे पहिलीच्या वर्गावर उभे राहायला अध्यापनाची पदविका लागते, दहावीला शिकवायला बी.एड. लागते, पण पदवीच्या वर्गाला शिकवायला अध्यापनाची कोणतीही पदवी लागत नाही. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे किंवा पीएच.डी. असणे पुरते. नेटचा पहिला पेपर ‘अध्यापन व संशोधन अभिवृत्ती’चा आहे खरा, पण तो ५० बहुपर्यायी प्रश्नांचा आणि १०० गुणांचा. फळ्यासमोर एकदाही उभे न राहता त्यात उत्तम गुण मिळवता येतात.

विद्यार्थ्यानेच शिकवण्याची प्रथा मुंबईत विद्यापीठाइतकीच जुनी आहे. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यातले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजांनी शिक्षणाकडे वळवला. त्यातून या शिष्यवृत्त्या निघाल्या. फेलोने स्वतःचा पुढचा अभ्यास करायचा आणि महाविद्यालयात खालच्या वर्गांना शिकवायचे. कसे शिकवायचे हे त्यांना कोणी शिकवले नाही. रानडे-भांडारकरांचे निभावले, म्हणून सगळ्यांचे निभावेल अशी समजूत मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षे टिकली.

नेमणूक झालेल्या प्राध्यापकांसाठी १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. मुंबई विद्यापीठाचे असे केंद्र आहे. आता या केंद्रांना मालवीय मिशनचे नाव आहे. पण तिथले ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर अभ्यासक्रम नोकरी लागलेल्यांसाठी. विद्यार्थिदशेत शिकवणाऱ्याचा विचार धोरणात यायला २०२० उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याने, विषय कोणताही असो, अध्यापनशास्त्राचा श्रेयांकित अभ्यासक्रम करावा असे सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम काढले, त्यात हे प्रशिक्षण बंधनकारक झाले. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास काम देता येईल अशी तरतूद झाली. इथे एक खोच आहे. प्रशिक्षण ‘घ्यावे लागेल’ आणि शिकवण्याचे काम ‘देता येईल’. त्यामुळे प्रशिक्षण घेतलेल्याला वर्ग मिळेलच असे नाही.

तंत्रशिक्षणात शिकवण्याची अट आधीपासून विद्यावेतनाला बांधलेली आहे. ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास अध्यापन-साहाय्य करायचे. पवईच्या आयआयटीत या साहाय्यकांसाठी ‘टीए १०१’ हा अभ्यासक्रम आहे. लिंगभाव-संवेदनशीलतेचा अभ्यासक्रम वेगळा. तो असायलाच हवा, कारण तेवीस वर्षांच्या टीएच्या हातात एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचे गुण असतात.

प्रशिक्षणाचा खरा कस उत्तरपत्रिका तपासताना लागतो. समजा, गणिताच्या पाच गुणांच्या उत्तरात तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह सुटले. पुढची पद्धत अचूक, अंतिम उत्तर चूक. एक टीए चार गुण देईल, शेजारचा एक. मग ‘क्रिब सेशन’ला, म्हणजे तपासलेले पेपर दाखवायच्या दिवशी, दोन मित्र दोन पेपर शेजारी शेजारी धरून उभे राहतात आणि टीएची बोबडी वळते. याला उपाय दोनच, आणि दोन्ही शिकवता येतात. तपासायला बसण्याआधी टप्प्याटप्प्याचे गुण लिहून काढायचे, आणि एक प्रश्न सगळ्या वर्गाचा एकाच माणसाने तपासायचा. वाद घालायला आलेल्या मुलाशी आवाज न चढवता, पण न नमता कसे बोलायचे, याचा सराव त्याहून अवघड.

प्रयोगशाळेतली गोष्ट आणखी वेगळी. आम्ल-अल्कलीचे टायट्रेशन चालू आहे; फिनॉल्फ्थॅलिनची फिकट गुलाबी छटा यायच्या ऐवजी मुलाच्या फ्लास्कमध्ये एकदम गडद गुलाबी उतरते. नवखा टीए ब्युरेट आपल्या हातात घेतो आणि रीडिंग बरोबर काढून देतो. मूल खूश, जर्नल पूर्ण, शिकणे शून्य. तोटी हळू कशी फिरवायची हे सांगून दोन पावले मागे सरकणे जमायला लागते तेव्हा टीए तयार झाला म्हणायचा. गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग ओळखणे मात्र कोणत्याही कार्यशाळेविना जमते. ती फार बरोबर असतात.

असे प्रशिक्षण द्यायची जुनी आणि अजूनही उपयोगी पडणारी रीत म्हणजे सूक्ष्म अध्यापन. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६०च्या दशकात ती निघाली आणि आपल्या बी.एड. महाविद्यालयांत रुळली. भारतीय नमुन्यात एक फेरी ३६ मिनिटांची: ६ मिनिटे शिकवणे, ६ मिनिटे अभिप्राय, १२ मिनिटे पुन्हा आखणी, ६ मिनिटे पुन्हा शिकवणे, शेवटी ६ मिनिटे अभिप्राय. एका फेरीत एकच कौशल्य घ्यायचे, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे किंवा फळा वापरणे. यातली ती मधली बारा मिनिटे सगळ्यात मोलाची, आणि दोनशे जणांना सभागृहात बसवून स्लाइड दाखवणाऱ्या कार्यशाळेत नेमकी तीच गायब असतात.

मुंबईत भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेली मुले असतात; टीए कधी केरळचा, कधी बंगालचा. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून अनेक राज्यांनी परदेशी टीएंच्या इंग्रजीची पारख कायद्याने बंधनकारक केली, आणि मुंबईहून तिकडे गेलेली मुले त्या चाचण्यांतून जातात. आपल्याकडे आयोगाच्या विनियमांत भाषेचा मुद्दा नाही. इंग्रजीत सांगितलेले समजले नाही हे मागच्या बाकावरच्या मुलाचे डोळे सांगतात. ते वाचून तेच वाक्य बंबइया हिंदीत किंवा मराठीत सांगणारा टीए मुलांना लगेच आपला वाटतो.

वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्याने एम.बी.बी.एस.ची मुले आणि इंटर्न यांच्या अध्यापनात भाग घेणे नियमानेच ठरलेले आहे. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणतंत्राचे केंद्र जुने आणि नावाजलेले. पण तिथला मूळ अभ्यासक्रम अध्यापकांसाठी. रेसिडेंट शिकवतो तो वॉर्डात, राउंड आणि इमर्जन्सी यांच्या फटीत, बहुतेक वेळा उभ्याउभ्याच.

सगळ्यात मोठी फट तासिका तत्त्वाची आहे. सकाळचे दोन तास उपनगरातल्या एखाद्या महाविद्यालयात घेऊन, लोकल पकडून दुपारी विद्यापीठाच्या कलिन्यातल्या ग्रंथालयात बसणारे संशोधक शहरात नवे नाहीत. त्यांना घड्याळी तासाप्रमाणे मानधन मिळते आणि सुटीत ते थांबते. पूर्ण वर्ग, पूर्ण पेपर, पूर्ण जबाबदारी त्यांच्यावर असते, पण महाविद्यालयाच्या दृष्टीने ते तात्पुरते शिक्षक आणि विद्यापीठाच्या दृष्टीने विद्यार्थी. पहिल्या तासाला मस्टरवर सही करून ते थेट वर्गात जातात. विभागप्रमुखांनी कॅन्टीनमध्ये चहावर दोन गोष्टी सांगितल्या तर तेच प्रशिक्षण.

पुढे साहाय्यक प्राध्यापकपदाची मुलाखत येते. आयोगाच्या २०१८च्या विनियमांतल्या छाननी-तक्त्यात विद्यापीठासाठी पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह (संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह) नेटला ७ आणि अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २, कमाल १० गुण आहेत. पीएच.डी.साठी घालवलेला काळ एरवी अनुभवात धरत नाहीत. नोकरीत असताना रजा न घेता केलेल्या संशोधनाचा अपवाद आहे. अध्यापन-प्रशिक्षणासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.