तीव्र ल्युकेमिया : निदानातील रक्ततपासण्या

अस्थिमज्जेत अपक्व रक्तपेशी (ब्लास्ट) बेसुमार वाढल्याने होणारा, उपचाराविना थोड्याच आठवड्यांत जिवावर बेतणारा रक्ताचा कर्करोग. मज्जाजन्य (मायलॉइड) व लसीकाजन्य (लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातील) हे मुख्य प्रकार. लहान मुलांत दुसरा अधिक.

ल्युकेमिया प्रथम कोणी ओळखला, याविषयी मतभेद आहेत. एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिनचे रूडोल्फ फिरखो यांचे वृत्तांत १८४५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. बेनेट यांचा आधीचा. मात्र त्यांनी तो रक्तातील पू मानला. फिरखोंनी तसे न मानता १८४७ मध्ये ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले, म्हणून त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. दोघांचेही रुग्ण बहुधा चिरकारी (हळूहळू वाढणाऱ्या) प्रकाराचे होते. तीव्र प्रकार वेगळा मांडण्याचे श्रेय सामान्यतः एब्श्टाइन (१८८९) यांना देतात.

सीबीसीत (यंत्राने केलेल्या संपूर्ण रक्तगणनेत) हिमोग्लोबिन व प्लेटलेट बहुधा घटलेले असतात. पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या, नेहमीइतक्या किंवा कमीही असू शकतात. यंत्र ब्लास्टची गणना कधी लिंफोसाइट वा मोनोसाइटमध्ये करते. म्हणून रक्ताचा थेंब पसरून लीशमन रंगाने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणे अनिवार्य आहे. ब्लास्टमध्ये आउअर दंड (सुईसारखे बारीक दंड) दिसल्यास मज्जाजन्य प्रकार सूचित होतो. या प्रकाराच्या निदानासाठी ब्लास्टचे किमान प्रमाण १९७६ च्या वर्गीकरणात ३० टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये ते २० टक्के केले. ठरावीक जनुकीय बदल आढळल्यास ही अट लागू नाही. प्रकारनिश्चितीसाठी फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी चाचणी), मज्जा व जनुकीय तपासणी लागते.

विदर्भाच्या खेड्यांत ताप, फिकेपणा, हिरड्यांतून रक्त अशा तक्रारींचा रुग्ण आधी ग्रामीण रुग्णालयात येतो. पावसाळ्यात कमी प्लेटलेट पाहून डेंग्यू किंवा गडचिरोलीकडे मलेरिया मनात येणे स्वाभाविक आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलमुळेही हाडे दुखतात, शिवाय त्यातील केंद्रकयुक्त तांबड्या पेशी काही यंत्रे पांढऱ्या म्हणून मोजतात. हा घोळ काचपट्टीवरच सुटतो. नमुना सेवाग्राम वा नागपूरला पाठवायचा तर उन्हाळ्यात ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीतील पेशी वाटेतच बिघडू लागतात. सोबत ताजी, हवेत वाळवलेली काचपट्टी द्यावी. निदानाआधी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन लसीकाजन्य प्रकारातील ब्लास्ट तात्पुरते घटवते व निदान लांबवते, हे ध्यानात ठेवावे.

प्रोमायलोसाइटिक या मज्जाजन्य उपप्रकारात रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. प्रोथ्रॉम्बिन काळ व फायब्रिनोजेन (रक्त गोठण्याच्या चाचण्या) त्याच दिवशी पाहावे लागतात, आणि काचपट्टीवर संशय येताच जनुकीय अहवालाची वाट न पाहता ट्रेटिनॉइन हे या उपप्रकाराचे औषध सुरू करतात.