उचललेला नांगर रात्रीतून टेकतो, विमानाचं चाक का टेकत नाही?

कुसुंब्याच्या शिवारात मामांचं कपाशीचं शेत आहे, जळगावच्या विमानतळापासून फार लांब नाही. एटीआर विमान उडालं की बांधावरून त्याचं पोट दिसतं आणि बघता बघता चाकं आत जातात. मागच्या खेपेला मामांनी विचारलं, “काय भाचे, आपण ट्रॅक्टरचा नांगर रात्री उचलून ठेवला, तर सकाळी तो जमिनीला टेकलेला असतो. तेल झिरपतं. मग एवढी वजनदार चाकं तेलाच्या जोरावर वर कशी राहतात?”

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असं की ती तेलाच्या जोरावर राहतच नाहीत. तेल फक्त उचलायचं काम करतं. धरून ठेवायला लोखंडी आकडा असतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जसा हायड्रोलिक जॅक, तसाच विमानाच्या चाकांच्या पायालाही असतो. तेलाचा दाब मात्र फार मोठा. बऱ्याच विमानांत तो ३,००० पीएसआय असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. जॅकने पाय वर ओढला की तो आकड्यात अडकतो, आणि मग तेलाचा दाब काढून घेतला तरी पाय हलत नाही.

पण आत जाण्याआधी चाक सरळ व्हायला हवं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. जमिनीवर पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे वळतं, त्याशिवाय विमान धावपट्टीवर वळणार कसं? उडताना ते जरा जरी तिरपं राहिलं, तर पोटातल्या अरुंद कप्प्यात मावणार नाही. तिथेच अडकून बसेल. बऱ्याच विमानांत यासाठी संगणकही लागत नाही आणि वीजही. पायाच्या नळीत तेल आणि नायट्रोजन भरलेला असतो. जमिनीवर विमानाच्या भाराने नळी दबलेली असते. चाक जमिनीवरून सुटलं की भार जातो, नायट्रोजन फुगतो आणि नळी लांब होते. नळीच्या आत दोन कडी असतात, एकीवर उंचवटा आणि दुसरीत खाच. नळी लांबली की ती एकमेकींत घुसतात. दोन्ही हातांच्या मुठी वळा आणि बोटांचे उंचवटे एकमेकांवर दाबा. ते आपोआप घसरून खळग्यांत बसतात, तुम्ही नको म्हणालात तरी. चाकही तसंच घसरत मधोमध येतं. उतरल्यावर भार पडला की नळी दबते, कडी सुटतात आणि चाक पुन्हा वळायला मोकळं होतं.

चाक सरळ राहिलं नाही तर काय होतं, ते जगाने २१ सप्टेंबर २००५ रोजी टीव्हीवर थेट पाहिलं. अमेरिकेत बरबँकहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका ए३२० विमानाचं पुढचं चाक ९० अंशांत आडवं झालं होतं. चाक फिरू नये म्हणून पायात बसवलेले धातूचे दोन कान पुनःपुन्हा ताण येऊन तुटले होते. वैमानिकाने सुमारे तीन तास घिरट्या घालून इंधन जाळलं आणि विमान लॉस एंजेलिसला उतरवलं. आडवं चाक धावपट्टीवर घासत गेलं, आगीचा लोळ उठला, टायर जळून धातू झिजला. आतल्या १४६ जणांपैकी कुणालाही दुखापत झाली नाही.

सरळ झालेलं चाक अजून गरगरत असतं. मुख्य चाकांना बऱ्याच विमानांत आत घेतानाच ब्रेक लागतो. पुढच्या चाकाला सहसा ब्रेक नसतो, म्हणून कप्प्यातल्या पट्टीला घासून ते थांबवतात. उड्डाणानंतर पायाखाली क्षणभर जाणवणारी थरथर बहुतेक वेळा हीच.

जमिनीवर असताना कुणी चुकून चाकं वर-खाली करायचा दांडा वर ओढला तर? पायावर भार आहे की नाही हे सांगणारा स्विच तिथे असतो. भार असेपर्यंत दांडा अडकलेला राहतो. दांड्याच्या टोकाला छोटं चाक बसवलेलं असतं, म्हणजे न बघता हाताला कळावं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक चाकांचा आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्यांचा, दांडा एकमेकांशी गल्लत करून ओढत आणि विमानं पोटावर बसत. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने दोन दांड्यांना दोन वेगळे आकार द्यायला सुचवलं.

चाकं खाली आल्यावर ती तशीच राहायला हवीत, आणि तिथेही भरवसा तेलावर नाही. पायाला दोन तुकड्यांचा, बिजागरीने जोडलेला आधार असतो. उभं राहून गुडघा मागे ताणला की माणूस न थकता उभा राहतो, वाकवून ठेवला की मांड्या भरून येतात. आधाराचा सांधाही सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसतो आणि स्प्रिंग त्याला तिथे धरून ठेवते. वरून भार आला की तो आणखी घट्ट होतो. तीनही पाय असे बसले की वैमानिकापुढे तीन हिरवे दिवे लागतात.

मग मामांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच: “आणि तेलच गेलं तर?” तेव्हा नांगराचीच खोड उपयोगी पडते. बहुतेक विमानांत आकडे सोडायची वेगळी सोय असते. आकडा सुटला की पाय स्वतःच्या वजनाने खाली येतो. पुष्कळ विमानांत पुढचा पाय पुढच्या बाजूला दुमडलेला असतो. त्यामुळे खाली येताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो आणि जागेवर बसायला हातभार लावतो.

एटीआरचे पंख वर आणि मुख्य चाकं पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे पंखांजवळच्या खिडकीत बसलात तर हे सगळं समोरच दिसतं. जळगाव जवळ आलं की जोडचाकं बाहेर येतील आणि त्यांचा आधार सरळ होईल. जमिनीला टेकताना चाकं स्थिर असतात आणि क्षणात त्यांना विमानाचा वेग घ्यावा लागतो. तेव्हा टायरमधून धुराचा एक झोत निघेल.