लव्हिंग दांपत्य: कॅरोलाइन काउंटीतली दोन घराणी आणि एक नोंद

१२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी एकमताने रद्द केली, हे बहुतेकांना माहीत असतं. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो त्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांची कहाणीही पुष्कळांनी ऐकलेली असते. पण ‘गोरा नवरा, काळी बायको’ एवढ्यावर ती आटपायची सवय पडल्यामुळे या दोघांच्या घराण्यांचा इतिहास मागेच राहतो. त्यातही मिल्ड्रेड यांच्या माहेरचा.

दोघंही सेंट्रल पॉइंटचे. व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरोलाइन काउंटीतली ही शेतीवाडीची वस्ती. गोरे, काळे आणि मूलनिवासी यांची इथे पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झालेली. शाळा आणि चर्च वेगवेगळी, पण कामधंदा, शेजारपाजार, गाणंबजावणं आणि गाड्यांच्या शर्यती एकत्र. रिचर्ड यांचे वडील एका काळ्या मालकाकडे ट्रक चालवायचे, तर आई सुइणीचं काम करायची. या दांपत्याच्या एका मुलाचं बाळंतपणही तिनेच केलं. त्याच लव्हिंग घराण्यातल्या एका पूर्वजाच्या नावावर १८३०च्या जनगणनेत सात गुलाम दाखवलेले आहेत, आणि रिचर्ड यांचे आईकडचे आजोबा यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले होते. रिचर्ड (जन्म १९३३) गवंडीकाम करत. मिल्ड्रेड, माहेरच्या जेटर (जन्म १९३९), सडपातळ असल्यामुळे घरीदारी ‘बीन’ म्हणून ओळखल्या जात. त्यांचे भाऊ वाद्यं वाजवायचे आणि ते ऐकायला रिचर्ड येत. ओळख झाली ती तिथेच.

व्हर्जिनियात अशा लग्नांना विरोध वसाहतकाळापासूनचा. १६९१च्या कायद्यात काळ्या, संकरित किंवा मूलनिवासी व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला तीन महिन्यांच्या आत कायमचं हद्दपार करण्याची तरतूद होती. पुढे ‘कलर्ड’, म्हणजे कायद्याच्या लेखी काळं, कोणाला म्हणायचं, याची रेषा राज्य सरकवत गेलं. आधी चतुर्थांश रक्त, १९१०मध्ये सोळावा हिस्सा, आणि १९३०पर्यंत निग्रो रक्ताचा शोधता येईल असा कोणताही अंश.

लव्हिंग यांच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो १९२४चा वांशिक शुद्धतेचा कायदा. गोऱ्याने गोऱ्याखेरीज कोणाशीच लग्न करायचं नाही, हा त्याचा गाभा. पण तो करताना एक अडचण उभी राहिली. राज्यातली कितीतरी बडी घराणी आपली वंशावळ पोकाहोंटसपर्यंत नेत. या मूलनिवासी सरदारकन्येने १६१४ साली जेम्सटाउनमध्ये एका इंग्रज तंबाखू-बागाइतदाराशी लग्न केलं होतं. कायदा अक्षरशः लावला असता तर ही सगळी प्रतिष्ठित मंडळी गोरी उरली नसती. म्हणून अपवाद घातला गेला: मूलनिवासी रक्त सोळाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून कमी असेल आणि दुसरं कुठलं बिगरगोरं रक्त नसेल, तर ती व्यक्ती गोरीच. श्रीमंतांच्या पणजीसाठी कायद्याने वाट काढून दिली. गरीब मूलनिवाशांच्या वाट्याला नेमकं उलटं आलं.

राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचा प्रमुख १९१२ ते १९४६ अशी चौतीस वर्षं एकच होता. व्हर्जिनियात शुद्ध मूलनिवासी उरलेलेच नाहीत, स्वतःला तसं म्हणवणारे सगळे मुळात काळे आणि गोऱ्यांमध्ये शिरू पाहणारे, अशी त्याची पक्की समजूत. त्याने जन्माच्या जुन्या दाखल्यांवर शेरे मारले, सुइणींना आणि कारकुनांना दमात घेतलं, आणि १९४३मध्ये काउंटीवार आडनावांची यादी काढून ती स्थानिक अधिकाऱ्यांकडे पाठवली: या आडनावांच्या लोकांना गोरे किंवा मूलनिवासी म्हणून नोंदवू नका. रॅपहॅनॉक या मूलनिवासी जमातीला, जिला मिल्ड्रेड पुढे आपली म्हणत, याचा मोठा फटका बसला. त्यांच्याकडे राज्याने मान्य केलेली राखीव जमीन नव्हती. अशी जमीन राज्यात फक्त दोनच जमातींकडे होती आणि कायद्यातली ‘टोळीतल्या इंडियन’ची (म्हणजे मूलनिवाशाची) सवलत त्यांच्यासाठी होती. बाकीच्यांचं मूलनिवासीपण कागदावर पुसून टाकणं त्यामुळे सोपं झालं. मिल्ड्रेड याच काळात जन्मल्या आणि काळ्या मुलांच्या शाळेत शिकल्या.

२ जून १९५८ रोजी दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. तिथे असा कायदा नव्हता. विवाह परवान्याच्या अर्जावर मिल्ड्रेड यांनी स्वतःची नोंद ‘इंडियन’ अशी केली. ११ जुलैच्या पहाटे दोनच्या सुमारास शेरीफ दोन साहाय्यकांसह घरात शिरला आणि बिछान्यावर बॅटरीचा झोत टाकून ‘ही बाई कोण?’ असं रिचर्ड यांना विचारू लागला. मी याची बायको आहे, हे मिल्ड्रेड यांनीच सांगितलं. भिंतीवर लावलेलं लग्नाचं प्रमाणपत्र दाखवल्यावर उत्तर आलं, ते इथे चालत नाही. रिचर्ड लवकर जामिनावर सुटले. मिल्ड्रेड त्या वेळी गरोदर होत्या, तरी त्यांना तुरुंगात जास्त दिवस काढावे लागले.

६ जानेवारी १९५९ला दोघांनी गुन्हा कबूल केला. एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती पंचवीस वर्षांसाठी स्थगित ठेवली गेली, ती राज्य सोडून जाण्याच्या अटीवर. या मुदतीत दोघांनी एकाच वेळी व्हर्जिनियात यायचं नाही. १६९१ची हद्दपारी आणि ही अट यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

मात्र या कबुलीत आणखी एक गोष्ट दडली होती, आणि माझ्या मते तिच्याकडे व्हायला हवं तेवढं लक्ष गेलेलं नाही. लग्नासाठी राज्याबाहेर जाऊन परत येण्याचं कलम असो, की एक ते पाच वर्षांच्या कैदेचं, दोन्ही कलमं ‘गोरी व्यक्ती’ आणि ‘कलर्ड व्यक्ती’ यांच्या लग्नाबद्दल होती. मूलनिवासी स्त्रीशी गोऱ्याचं लग्न १९२४च्या कायद्याने निषिद्धच होतं. पण ‘कलर्ड’साठी ठेवलेली कैद अशा जोडप्याला लागू होते का, यावर बचावाला वाद घालायला जागा होती. परवान्याच्या अर्जावरची नोंद तर हाताशी होती. पण कबुलीनंतर तो मुद्दा कोर्टात उरलाच नाही. मिल्ड्रेड ‘कलर्ड’ आहेत, हे कोणतीही तपासणी न होता कायम झालं.

पुढे तर कोणालाच तो उकरून काढायचा नव्हता. १९६३ साली मिल्ड्रेड यांनी केंद्र सरकारच्या ॲटर्नी जनरलना, म्हणजे न्यायखात्याच्या प्रमुखांना, पत्र लिहिलं. तिथून त्यांना एका नागरी हक्क संघटनेकडे पाठवण्यात आलं. त्या संघटनेच्या वकिलाला लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की नवरा गोरा आहे आणि मी काही अंशी निग्रो, काही अंशी इंडियन. प्रकरण हाती घेतलेल्या दोन तरुण वकिलांना कायदा मुळातूनच उखडायचा होता. मिल्ड्रेड त्या व्याख्येत बसतच नाहीत असा युक्तिवाद केला असता, तर हे दांपत्य कदाचित सुटलं असतं आणि कायदा जागच्या जागी राहिला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही स्पष्ट लिहिलं आहे की मिल्ड्रेड व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार ‘कलर्ड’ आणि रिचर्ड ‘गोरे’ आहेत, हे लव्हिंग यांनी कधीच नाकारलेलं नाही. त्याच निकालाच्या सुरुवातीला त्यांचा उल्लेख फक्त ‘निग्रो स्त्री’ असा आहे. पत्रातला ‘इंडियन’ तिथे गळला.

वकिलांचा निर्णय मला बरोबर वाटतो. तोवर सोळा राज्यांत असे कायदे होते आणि एका कुटुंबाच्या सुटकेने त्यांतला एकही हलला नसता. १९५५मध्ये एका चिनी खलाशाच्या आणि गोऱ्या स्त्रीच्या लग्नाचं प्रकरण व्हर्जिनियातूनच वर गेलं होतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अंग काढून घेतलं होतं. पुन्हा तशी पळवाट ठेवणं परवडणारं नव्हतं. पण या यशाची किंमत मिल्ड्रेड यांच्या वंशावळीने मोजली, हेही मान्य करायला हवं. नोंदणी कार्यालयाने पुसलेली ओळख न्यायालयाच्या कागदांतूनही पुसली गेली, आणि या वेळी ती पुसणारे त्यांचे हितचिंतक होते.

सुनावणी १० एप्रिल १९६७ला झाली. दोघंही गेले नाहीत. रिचर्ड यांनी वकिलामार्फत एवढंच कळवलं की माझं बायकोवर प्रेम आहे आणि मला तिच्याबरोबर व्हर्जिनियात राहता येत नाही हा अन्याय आहे. निकालानंतर त्यांनी सेंट्रल पॉइंटला स्वतःच्या हातांनी घर बांधलं. १९७५च्या जूनमध्ये दारू प्यायलेल्या एका चालकाने त्यांच्या गाडीला धडक दिली. त्यात रिचर्ड गेले आणि मिल्ड्रेड यांचा उजवा डोळा गेला. दक्षिणेतल्या राज्यघटनांतली निरुपयोगी झालेली बंदी मात्र रेंगाळत राहिली. शेवटची, अलाबामाची, २०००मध्ये मतदानाने निघाली. २०१५च्या समलिंगी विवाहाच्या निकालातही लव्हिंग खटल्याचा आधार घेतलेला आहे.

२००४ साली एका इतिहासकार स्त्रीशी बोलताना मिल्ड्रेड यांनी आपल्यात काळा वंश नाही, आपण रॅपहॅनॉक आहोत, असं सांगितलं. यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. काहींच्या मते हा काळ्या पूर्वजांचा नकार आहे. त्या प्रदेशातल्या मूलनिवासी कुटुंबांमध्ये काळेपणापासून अंतर राखण्याचा धाक खोलवर मुरलेला होता आणि तो वर्णद्वेषी कायद्यांनीच पेरलेला होता. दुसऱ्यांच्या मते १९५८च्या अर्जापासून त्या हेच सांगत होत्या आणि मधल्या काळात त्यांचं कोणी ऐकलं नाही. १९६३चं पत्र पहिल्या बाजूला बळ देतं, लग्नाचा अर्ज दुसऱ्या. माझा कल दुसरीकडे आहे, कारण त्या पत्राच्या वेळी त्या मदत मागत होत्या आणि खटला आधीच त्या भाषेत उभा राहिला होता.

मिल्ड्रेड २ मे २००८ रोजी गेल्या. रॅपहॅनॉक जमातीला व्हर्जिनियाने १९८३मध्ये मान्यता दिली होती. केंद्र सरकारची मान्यता मिळायला २०१८ उजाडलं.