लुगड्याची चुणी, साडीचा घाम

उन्हाळा तोंडावर आला की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो: 'आपल्या आज्या-पणज्या सुती लुगडी नेसायच्या, कारण त्यांना विज्ञान कळत होतं.' आज्यांना पुष्कळ काही कळत होतं, वादच नाही. पण सुती नेसण्याचं कारण साधं होतं: रोज नेसायला परवडेल असं दुसरं काही मिळतच नव्हतं. मिळायला लागलं तेव्हा, साठ-सत्तरच्या दशकांत, त्यांच्याच लेकीसुनांनी आधी नायलॉन आणि मग टेरिलिन जवळ केलं. तेही मराठवाड्यात! मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांना टेकतो त्या मुलखात. नांदेडच्या गावराणी कापसाचं नाव होतं, शहरात उस्मानशाही मिल होती, आणि अंगावर आला पेट्रोलियमपासून काढलेला धागा. याला वेडेपणा म्हणणाऱ्यानं आधी एक नऊवारी धुऊन दाखवावी.

नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर सूत. भिजलं की एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालतात. मग खळ, मग वाळवण, मग किंचित दमट असतानाच घडी घालून गादीखाली दाबायचं. एवढं करून बैलगाडीत तासभर बसलं की मांडीपाशी चुण्या हजर.

सूत असं चुरगळतं का? कापसाचा तंतू म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडलेली साखळी. प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन. शेजारशेजारच्या साखळ्या या गटांमुळे एकमेकींना धरून राहतात; हाच हायड्रोजन बंध. एकेकटा बंध कमजोर, पण संख्या अफाट. तंतूचा बराच भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो, तिथं पाण्याची डाळ शिजत नाही. उरलेल्या अस्ताव्यस्त भागात मात्र पाण्याचा रेणू सहज घुसतो, कारण त्यालाही असेच बंध करता येतात. तो दोन साखळ्यांच्या मधे शिरला की त्यांचा आपसातला बंध सुटतो आणि त्या सरकायला मोकळ्या होतात. आता बसल्यावर कापड दुमडलेलं, घामाचा ओलावा आहेच. साखळ्या दुमडीत सरकतात, आणि ओलावा उडाला की तिथंच नवे बंध बांधून बसतात. झाली चुणी. इस्त्रीच्या आधी आपण पाणी शिंपडतो ते याचसाठी: बंध सोडवायचे, साखळ्या सरळ करायच्या, उष्णतेनं पाणी हाकलायचं. खळसुद्धा ग्लुकोजचीच साखळी, त्यामुळे तिचं सुताशी लगेच जमतं.

सूत घाम पितं आणि सूत चुरगळतं, या दोन्हींमागं असा एकच गुण आहे. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

पॉलिएस्टरमध्ये नेमकं उलटं. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा धागा तयार केला. टेरिलिन हे त्याचंच व्यापारी नाव. याच्या साखळीत बेंझिनची कडी असते आणि हायड्रॉक्सिल गट फक्त टोकांना. पाण्याला धरायला जागाच नाही. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडं सूत हवेतून साधारण ८.५ ग्रॅम पाणी ओढून घेतं, नायलॉन ४ ग्रॅमच्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. शिवाय या साखळ्या साधारण ७० ते ८० अंशांच्या खाली जागच्या जागी गोठलेल्या असतात. आपलं ऊन कितीही कडक असलं तरी तिथवर पोचत नाही, म्हणून घडी मोडत नाही. कारखान्यात हेच कापड १८०-२०० अंशांना तापवून सपाट बसवतात, आणि ते तसंच राहतं. (साडी उकळत्या पाण्यात टाकून पिळलीत तर मात्र चुण्याही तशाच पक्क्या बसतील.) रंगाचंही तेच. साधारण १३० अंशांच्या पाण्यात, दाबाखाली, साखळ्या सैल झाल्या की रंगाचे कण आत शिरतात. थंड झालं की आत अडकतात. लाल लुगड्यानं सगळी बादली रंगवायची, ती तक्रार संपली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या त्या मोठमोठ्या फुलांच्या भडक छापील साड्या याच रसायनावर उमलल्या.

आणि पाणी. जिथं हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, १९७२ चा दुष्काळ जिथल्या बायकांनी रोजगार हमीची खडी फोडत काढला, तिथं कमी पाण्यात धुऊन निघणारी आणि तासाभरात वाळणारी साडी ही चैन नव्हतीच. नऊवारीची सहावारी, म्हणजे गोल साडी, होण्यात शहरी वळणाचा, शाळा-नोकरीचा वाटा आहे. पण धुण्याच्या ओझ्याचा हिशेब कुणी मांडत नाही, तो मांडायला हवा असं मला वाटतं.

पुढचं पटापट: नव्वदीत पंजाबी ड्रेस, मग जॉर्जेट आणि टिकल्यांचं काम, मग कुर्तीखाली लेगिंग. त्या लेगिंगमधला ताणला जाणारा स्पॅन्डेक्स १९५८ सालचा, तो आपल्या तालुक्याला पोचेपर्यंत पन्नासेक वर्षं गेली. आता सूत परत आलंय, हातमागाचं म्हणून, दुप्पट भावात, आणि इस्त्रीवाला परवडणाऱ्या घरांत.

'सूत म्हणजे थंड' हेही सरसकट खरं नाही. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो, पण ती त्वचेवरून उडाला तर त्वचेची. जाड सूत चिंब होऊन बाहेरच्या बाजूनं वाळत राहिलं तर त्यातली बरीच उष्णता हवेतूनच घेतली जाते. सैल, पातळ आणि वारा खेळता असणं हे धाग्याच्या जातीइतकंच महत्त्वाचं.

याच जातीचा दुसरा मजकूर संक्रांतीला येतो: काळी साडी ऊन शोषते, थंडीत ऊब देते, पूर्वजांचं विज्ञान! अहो, हळदीकुंकू असतं संध्याकाळी. ऊन मावळल्यावर काळी काय शोषणार, ट्यूबलाइट? काळी साडी छान दिसते, नेसा की खुशाल.

दुकानात 'कूल कॉटन' अशी पट्टी दिसली तर पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा ओढून, घरी चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. दोन्ही झालं तर मिश्रण. वितळलेला थेंब बोटावर पडू देऊ नका, तो कातडीला चिकटतो; गॅसपाशी उभं राहताना सिंथेटिक पदर खोचायचा तोही याच कारणासाठी.