राइनगाउची स्मारकं : जकात, दशमांश आणि उशिरा आलेला स्वार

स्वित्झर्लंड सोडल्यावर राइन नदी बहुतेक वाट उत्तरेकडे चालते. जर्मनीत माइन्झपाशी मात्र टाउनुसचे डोंगर आडवे येतात आणि ती पश्चिमेला वळते. र्‍यूडेसहाइमपर्यंतचा हा सुमारे ३० किलोमीटरचा पट्टा म्हणजे राइनगाउ. उजव्या काठाचा उतार इथे दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातो आणि मागचे डोंगर थंड वारा अडवतात. रीसलिंग द्राक्षाला आणखी काय हवं? पण पीक चांगलं तिथे वाटेकरी आलेच. इथली स्मारकं पाहताना मला आधी हे वाटेकरी दिसतात.

बिंगेनजवळ नदीतल्या बेटावर 'उंदरांचा मनोरा' उभा आहे. दहाव्या शतकातल्या हाट्टो या माइन्झच्या आर्चबिशपने दुष्काळात भुकेल्या गरिबांना कोठारात कोंडून जाळलं, मग उंदरांनी या मनोर्‍यात त्यालाच खाल्लं, अशी दंतकथा. मनोरा मात्र बराच नंतरचा, चौदाव्या शतकातला. समोरच्या उतारावर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध एहरेनफेल्सचा पडका किल्ला आहे. दोन्ही मिळून माइन्झच्या आर्चबिशपांचा जकातनाका चालायचा. मनोर्‍याच्या जर्मन नावातला 'मॉयझे' (उंदीर) हा शब्द 'माउट', म्हणजे जकात, याचाच अपभ्रंश असावा असं एक मत आहे. मला ते पटतं. जकातवाल्याला उंदीर म्हणायला लोकांना फार कल्पनाशक्ती लागली नसेल. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने किल्ला उद्ध्वस्त केला. मनोरा प्रशियाने १८५५ मध्ये पुन्हा बांधला आणि नंतर तो जहाजांना इशारे देण्याच्या कामी आला.

जकातीतून सुटलेलेही होते. ११३६ साली स्थापन झालेल्या एबरबाख मठाचे सिस्टर्शियन पंथाचे साधू स्वतःच्या जहाजांतून वाईन कोलोनला नेत आणि अनेक नाक्यांवर त्यांना माफी असे. १८०३ मध्ये मठ सरकारजमा झाला.

र्‍यूडेसहाइमच्या वर, निडरवाल्डच्या कड्यावर, द्राक्षांशी काहीएक संबंध नसलेलं स्मारक आहे : जेर्मानिया, म्हणजे स्त्रीरूपातली जर्मनी. १८७०-७१ मध्ये फ्रान्सवर मिळवलेला विजय आणि नवं जर्मन साम्राज्य यांची ही खूण. सम्राट विल्हेल्म पहिला याने १८७७ मध्ये पायाभरणी केली. शिल्पकार योहानेस शिलिंग. एकूण उंची ३८ मीटरहून जास्त. २८ सप्टेंबर १८८३ च्या उद्घाटनाला सम्राट आणि संस्थानिक येणार, म्हणून आउगुस्ट राइन्सडॉर्फ या अराजकवाद्याने घातपाताचा बेत रचला. तो स्वतः पाय दुखावून रुग्णालयात पडला, साथीदारांनी रस्त्याखालच्या मोरीत डायनामाइट ठेवलं. पण पैसे वाचवायला त्यांनी पाण्याला न टिकणारी साधी वात घेतली होती. रात्री पाऊस पडला, वात भिजली, सम्राटाची गाडी आली तशी निघून गेली. राइन्सडॉर्फ आणि त्याचा एक साथीदार क्युशलर यांचा १८८५ मध्ये शिरच्छेद झाला.

आता योहानिसबर्ग. हा मठ आणि त्याचे मळे १७१६ मध्ये फुल्डाच्या मठाधिपतींनी विकत घेतले. दरवर्षी तोडणीची परवानगी दूर फुल्डाहून घोडेस्वाराने आणायची. १७७५ मध्ये स्वार फार उशिरा परतला. तोवर घडांवर बुरशी चढून मणी सुकले होते. गेलं पीक म्हणत साधूंनी तेच गाळलं, आणि वाईन अशी उतरली की थांबून तोडायची रीतच पडली. वरातीमागून आलेल्या या घोड्यासाठी वरातच थांबली होती म्हणायची. नेमकं असंच घडलं का, हा वेगळा प्रश्न, पण गोष्ट इथे सगळे हीच सांगतात. १८१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही जहागीर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला, मेटर्निखला, दिली, तीही उत्पन्नाचा दशमांश आपल्याकडे राखून. वाटेकरी फक्त बदलला.

त्या स्वाराचा घोड्यावरचा पुतळा योहानिसबर्गच्या आवारात आहे. जेर्मानियाच्या मानाने अगदीच चिमुकला. पण त्याचा उशीर 'श्पेटलेझे', म्हणजे 'उशिराची तोडणी', या नावाने जर्मन बाटल्यांवर अजून छापला जातो.